कपड्यांवरून गिऱ्हाईक ओळखता येतं का? काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधे कपडे, पायात चपला, असे तुम्ही घड्याळाच्या शोरूममधे गेलात तर सेल्समन म्हणाला "ही रेंज जरा वरची आहे", आणि त्याच आठवड्यात एका रेस्टॉरंटमधे खिडकीजवळची टेबलं रिकामी दिसत असताना तुम्हाला किचनच्या दाराशी बसवलं. तर हे खरंच दिसण्यावरून होतं का माझ्या मनाचे खेळ आहेत, यापुढे नटूनथटून जायचं का, आणि तिथल्या तिथं काय बोलायचं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी आधी बरीच वर्षं काउंटरमागे उभी होते, मग फ्लोअर सांभाळला, आता दुकानांच्या आणि रेस्टॉरंटच्या स्टाफला ट्रेनिंग देते, त्यामुळे आतल्या बाजूनं उत्तर देते. जरा लांबेल.

घड्याळाचं म्हणाल तर तो तुमच्या मनाचा खेळ अजिबात नाही. "ही रेंज जरा वरची आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी ते फळ्यावर लिहून त्यावर फुली मारते. वाक्य दिसायला एकदम सभ्य, एक शब्द वाईट नाही, त्या सेल्समनला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी फक्त माहिती दिली. पण समोरच्यानं किंमत विचारलेलीच नसताना आपण होऊन किंमतीचा विषय काढायचा याचा अर्थ एकच, याला परवडणार नाही हे मनात आधीच ठरलंय.

२०१३ मधे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्रीनं एका मुलाखतीत सांगितलं होतं की ती एका लग्नासाठी झुरिकला गेलेली असताना तिथल्या एका दुकानात तिला पर्स दाखवायचंच टाळलं, कारण काय तर ती फार महाग आहे. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या आणि श्रीमंत बायकांपैकी एक, आणि तिलाच हे. स्वित्झर्लंडच्या पर्यटन खात्यानं माफी मागितली, त्या सेल्सवुमननं मात्र मी असं काही बोललेच नाही म्हणून सांगितलं. नक्की काय झालं ते त्या दोघींनाच ठाऊक, मला त्यात पडायचं नाही. पण असे वाद मी फ्लोअरवर कितीतरी मिटवलेत आणि त्यात दर वेळी हेच दिसतं की बोलणाऱ्याला ती माहिती वाटते आणि ऐकणाऱ्याला ती सणसणीत लागते, आणि दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं.

आता काउंटरमागून काय दिसतं ते सांगते. माणूस दारातून आत आला की पहिली नजर पायांकडे जाते. कपडे नंतर. मग मनगट, हातातली पिशवी, फोन कुठला, मग चाल, म्हणजे सरळ एखाद्या काउंटरकडे येतोय का दारातच थबकून इकडंतिकडं बघतोय. बरोबर कोण आहे, पोरं आहेत का. वस्तू हातात घेऊन आधी वस्तू बघितली का आधी लेबल उलटं केलं. हे सगळं दोनचार सेकंदांत होतं, आणि हे कुठल्याही ट्रेनिंगमधे शिकवत नाहीत बरं का, बाजूला उभा असलेला सीनियर कोपरानं ढोसून "टाइमपास आहे, सोड" म्हणतो आणि महिनाभरात नवीन पोरगंसुद्धा तेच बोलायला लागतं.

आणि हा माणूस दुष्ट असतो म्हणून हे होतं असं नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, इन्सेन्टिव्ह त्यावर असतो. बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून पाळी असते, या गिऱ्हाइकाला तू घे, पुढच्याला मी घेतो. आता माझी पाळी आली आणि मला मिळालेला माणूस अर्धा तास बघून हात हलवत निघून गेला की माझी पाळी गेली, मी परत रांगेच्या शेवटी. त्यात दारावर माणसं मोजायचं मशीन असतं, संध्याकाळी आत आलेली डोकी आणि फाटलेली बिलं यांचा भागाकार करून मॅनेजर विचारतो कन्व्हर्जन का पडलं. अशा वेळी गर्दीत तीन गिऱ्हाइकं आणि आपण एकटे असलो की कोणाकडे आधी जायचं हे ठरवावंच लागतं, आणि ठरवायला हाताशी काय असतं, तर कपडे आणि चप्पल. रेस्टॉरंटमधे जिथं वेटरचं पोट टिपवर चालतं तिथं तर हे जास्तच. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं टिप मिळणाऱ्याला मालकानं रोख द्यायची किमान मजुरी १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबलीये, काही राज्यांनी स्वतःची वाढवली ते वेगळं. असा वेटर टेबलवर कोण बसलंय ते बघताना टिप किती पडेल याचाच हिशोब करतो, करणारच.

शिवाय माणसाचा मेंदूही घाईचा आहे. २००६ मधे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विलिस आणि तोदोरोव या दोघांनी प्रयोग केला, लोकांना अनोळखी चेहरा सेकंदाच्या फक्त दहाव्या भागाइतका वेळ दाखवला तरी हा भरवशाचा, हा हुशार, अशी मतं तयार झाली, आणि बघायला वेळ दिल्यावर बनलेल्या मतांशी ती बऱ्यापैकी जुळली. म्हणजे जास्त वेळ मिळून मत फारसं बदललं नाही, फक्त आपलं बरोबरच आहे हा विश्वास वाढला. २०१९ मधे त्याच तोदोरोवनं अजून दोघांबरोबर चेहऱ्याखालच्या कपड्यांवर काम केलं. कपडे किंचित भारी दिसले की तोच चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला, आणि कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं आधी बजावूनसुद्धा तो परिणाम गेला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "आम्ही कपडे बघत नाही हो" असं म्हणणारा मॅनेजर मला दर बॅचमधे भेटतो. त्याचे डोळे बघतातच, त्याला कळत नाही इतकंच.

तर अंदाज बांधणं थांबणार नाही हे मान्य. पण हा अंदाज बरोबर तरी असतो का? इथं खरी गोम आहे.

ट्रेनिंगमधे मी एक काम देते. दिवसभर दाराजवळ एक जण वही घेऊन बसवायचा, तो फ्लोअरवर काम करत नाही, फक्त प्रत्येक गिऱ्हाईक आत आल्या आल्या "घेईल" किंवा "घेणार नाही" असं लिहितो, वेळ टाकतो, आणि कपड्यांची चार शब्दांत खूण लिहितो. संध्याकाळी ती वही आणि बिलांच्या वेळा समोरासमोर ठेवायच्या. सुरुवातीला सगळे हसत हसत बसतात, सीनियर तर छातीठोकपणे सांगतो की माझं नव्वद टक्के बरोबर येणार. मग ओळी जुळवायला लागलं की आवाज खाली येतो. सूटबूटवाला "घेईल" वाला एसीची हवा खाऊन गेलेला असतो, आणि "घेणार नाही, मळका टीशर्ट" या ओळीसमोर दिवसातलं मोठं बिल निघतं असं व्हायला लागतं. दर वेळी सगळंच उलटं येतं असं नाही हं, काही अंदाज बरोबरही असतात. पण ज्या खात्रीनं तो बोलत होता त्या खात्रीच्या आसपाससुद्धा आकडा येत नाही.

मग इतक्या वर्षांत त्याला हे कळलं कसं नाही? कारण त्याची चूक त्याला कधी दिसतच नाही. विचार करा, ज्याच्याकडे त्यानं दुर्लक्ष केलं तो माणूस पाच मिनिटं उभा राहून निघून गेला. सेल्समन काय म्हणतो, "बघ, म्हणलं होतं ना, घेणारा नव्हता." आणि ज्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चार वस्तू काढून दाखवल्या त्यानं एखादी घेतली, की पुन्हा "बघ, म्हणलं होतं ना." निकाल त्यानंच लावला आणि साक्षही त्याचीच. निघून गेलेला माणूस पुढच्या दुकानात जाऊन तीच वस्तू घेतो ती नोंद या दुकानाच्या कुठल्याच रजिस्टरमधे येत नाही. म्हणून मी म्हणते की वीस वर्षांचा अनुभव असलेला सेल्समन या एका बाबतीत वीस वर्षं एकच चूक पक्की करत आलेला असू शकतो. तुम्हाला "रेंज वरची आहे" म्हणणाऱ्याला खरंच वाटतं की त्याला माणसं ओळखता येतात.

गंमत म्हणजे खूप महागड्या दुकानांत हे चक्र उलटंही फिरतं. २०१४ मधे बेलेझा, जीनो आणि केनान या तिघींचा अभ्यास छापून आला, मिलानमधल्या उंची बुटिकच्या सेल्सच्या लोकांना विचारलं की जिमचे कपडे घालून आलेली बाई आणि फरकोट घालून आलेली बाई यातली जास्त दर्जाची कोण वाटते, तर त्यांनी जिमवालीकडे बोट दाखवलं. तोच प्रश्न स्टेशनवरच्या साध्या बायकांना विचारला तर त्यांनी फरकोटवाली सांगितली. म्हणजे जिथं खरे पैसेवाले रोज येतात तिथल्या लोकांना माहीत झालेलं असतं की ज्याला कोणाची पर्वा नाही तो कसाही येतो. पण त्यातही मेख आहे, हे मुद्दाम केलंय असं समोरच्याला वाटलं तरच चालतं. बावरून, संकोचून उभं राहिलात तर त्याच जिमच्या कपड्यांचा अर्थ लगेच बदलतो. म्हणजे तिथंही अंदाजच, फक्त वेगळ्या नियमांचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नटून जायचं का. खोटं बोलणार नाही, फरक पडतो. २००६ मधेच अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, काही बायकांना शरीर जाड दिसेल असा पोशाख आतून घालून दुकानांत पाठवलं, कधी साध्या कपड्यांत कधी ऑफिसच्या. मदत कोणी सरळ नाकारली नाही, पण साध्या कपड्यांत जाड दिसणाऱ्या बाईशी बोलणं तुटक झालं, हसणं कमी झालं, आणि व्यवस्थित कपड्यांत ते बऱ्याच अंशी कमी जाणवलं. थोडक्यात कपडे ढालीसारखे चालतात. पण ढाल फुकट मिळत नाही. भारी दिसणाऱ्याच्या मागे सेल्समन लागतो तो सोडत नाही, साधं मॉडेल दाखवतच नाही, ज्या वस्तूची किंमत बोलून ठरते तिथं पहिला आकडाच वर चढवून सांगतो. जुनी गाडी बघायला किंवा घासाघीस करायची असेल तिथं मी स्वतः मुद्दाम साधी जाते. म्हणून माझं मत विचाराल तर कपडे तुमच्या सोयीचेच घाला, स्वच्छ असले की झालं. अगदी एकच बदल करायचा म्हणाल तर पायांत काय आहे ते बघा. वर सांगितलंच, नजर तिथं आधी जाते, आणि बाकी सगळं तेच ठेवून नुसते बरे बूट घातले तरी स्वागत बदलतं हे मी खूपदा पाहिलंय. हे न्याय्य आहे का, नाही. पण कमी खर्चात होतं.

मधेच एक सांगून टाकते कारण हा विषय निघाला की कोणीतरी ती गोष्ट पाठवतंच, की फाटक्या कपड्यांतला माणूस शोरूममधे येतो, सेल्समन हाकलतो, आणि मग तो माणूस नोटांची थप्पी काढून टेबलावर आपटतो. लोकांना ती फार आवडते. मला नाही आवडत. त्या गोष्टीत सेल्समन का चुकला, तर त्या माणसाकडे पैसे निघाले म्हणून. म्हणजे नसते निघाले तर हाकललेलं चाललं असतं? दुकानात येणारे निम्मेअधिक लोक त्या दिवशी काही घेत नाहीत, बघायला येतात, किंमत विचारून जातात, वर्षभर पैसे साठवून मग येतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. नुसतं बघायला आलेल्यालाही सरळ नजरेनं उत्तर मिळालंच पाहिजे.

तिसरा प्रश्न, काय बोलायचं. सेल्समनकडे तुमच्याबद्दल माहिती कमी आहे म्हणून तो कपड्यांवर चाललाय. तर तुम्ही पहिल्याच वाक्यात त्याला त्याहून चांगली माहिती द्या. "जरा घड्याळं दाखवा" हे वाक्य टाइमपासवालाही बोलतो. त्याऐवजी "मला रोज वापरायला ऑटोमॅटिक पाहिजे, डायल चाळीस मिलीमीटरच्या आतला, चामड्याचा पट्टा, या महिन्यात घ्यायचंय" असं म्हणून बघा. तो चपलेकडे बघायचं सोडून शोकेसकडे वळेल, मी लिहून देते. नेमकी गरज आणि कधी घ्यायचंय, या दोन गोष्टी कानावर पडल्या की सेल्समनच्या डोक्यातलं ते घेईल-नाही घेणार लगेच फिरतं. घरून थोडं वाचून जा, मॉडेलचं नाव माहीत असेल तर उत्तमच.

आणि तरी तो म्हणालाच की रेंज वरची आहे, तर शांतपणे, "बरं, त्या रेंजमधली दोन काढा आणि दोन्हींत फरक काय ते सांगा." एवढंच. यात तुम्ही रागावला नाहीत, सफाई दिली नाहीत, आणि त्याला काम लावलंत. "तुम्हाला काय वाटतं माझ्याकडे पैसे नाहीत?" असं म्हणू नका, चूक तुमची नाही पण त्या वाक्यानंतर बोलणं तुमच्या खिशावर येतं आणि घड्याळ बाजूला राहतं. तो तरी ढिम्म असेल तर "दुसरं कोणी मोकळं आहे का?" हे विचारायला काही संकोच नको. शक्य असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. फ्लोअर रिकामा असला की तोच सेल्समन वेगळा माणूस असतो, कारण तेव्हा कोणाला निवडायचं हा प्रश्नच नसतो.

एक सापळा मात्र टाळा. अपमान झाला की माणूस ईर्षेला पेटून न परवडणारी वस्तू घेतो, "आता दाखवतोच" म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि यावर अभ्यासही आहे, २०१४ मधला, वॉर्ड आणि डाल यांचा. उंची ब्रँडच्या सेल्समननं नाक मुरडलं तर ज्यांना त्या ब्रँडसारखं व्हायचंय अशा लोकांची ती वस्तू घ्यायची इच्छा उलट वाढली, आणि थोडे दिवस गेल्यावर त्याच लोकांचं त्या ब्रँडबद्दलचं मत घसरलं. म्हणजे घेताना ईर्षा, नंतर पस्तावा, आणि इन्सेन्टिव्ह कोणाला मिळाला तर नाक मुरडणाऱ्याला. डोकं तापलेलं असेल तर त्या दिवशी कार्ड बाहेर काढायचंच नाही.

आता रेस्टॉरंट. इथं मी तुम्हाला जरा थांबवेन, कारण बाहेरून जे दिसतं त्याच्यामागे बऱ्याचदा साधं गणित असतं. हॉलचे सेक्शन पाडलेले असतात, एकेक वेटरकडे एक, आणि दारावरचा होस्ट आलटून पालटून टेबलं भरतो म्हणजे एकाच वेटरवर एकदम चार ऑर्डर पडत नाहीत. एखादा वेटर आला नसेल तर अख्खा सेक्शन बंद, टेबलं रिकामी दिसतात पण तिथं वाढायला कोणी नाही. दोन माणसं चारच्या टेबलवर बसवत नाहीत. खिडकीजवळचं बहुतेक वेळा बुकिंगवाल्यांना आधी गेलेलं असतं. आणि किचनच्या दाराशी जे टेबल आहे ते कोणाच्या ना कोणाच्या नशिबी येणारच, मालकानं ते ठेवलंय म्हणल्यावर.

पण दुसरी बाजूही खरी आहे. २०१३ मधे फ्रान्समधल्या एका साप्ताहिकानं छापलं होतं की पॅरिसच्या दोन नावाजलेल्या रेस्टॉरंटमधे देखण्या लोकांना समोर आणि बाकीच्यांना मागे बसवायचा शिरस्ता होता, आणि ही माहिती तिथं आधी काम केलेल्यांनीच दिली होती. मला त्यात नवल वाटलं नाही. रस्त्याकडची खिडकी ही काही मालकांच्या डोक्यात शोकेसच असते.

मग ओळखायचं कसं? ते टेबल मागून बघायचं. "ते खिडकीजवळचं मिळेल का?" एवढं हसून विचारा आणि उत्तर नीट ऐका. "साडेआठचं बुकिंग आहे, तोवर उठणार असाल तर बसा" हे खरं उत्तर आहे, त्यात वेळ आहे, अट आहे. "ती बाजू आज बंद आहे" हेही खरं असू शकतं, कारण ते बसल्या बसल्या दिसेलच. पण होस्ट वर न बघता "सगळं रिझर्व्ह आहे" म्हणाला आणि दहा मिनिटांत तुमच्यासारखेच बुकिंग नसलेले दोघं येऊन तिथं बसले, तर मग तुमचा संशय रास्त आहे, आणि मॅनेजरला बोलावून शांतपणे "आम्हाला रिझर्व्ह सांगितलं होतं, यांचं बुकिंग होतं का?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पुढच्या वेळी फोन करून बुकिंग करा आणि टेबल कुठलं हवं ते तेव्हाच सांगा, फोनवर कोणाला तुमची चप्पल दिसत नाही.

इथपर्यंत मी कपड्यांबद्दल बोलले, जे माणूस बदलू शकतो. पण सगळ्यांचं तसं नसतं. बाईनं कार्ड दिलं तरी मशीन आणि पावती बरोबरच्या पुरुषापुढं येते. व्हीलचेअरवरच्या माणसाला काय हवं ते त्याच्या मागे उभ्या असलेल्याला विचारलं जातं. काही पोरांच्या मागे सिक्युरिटीवाला रॅकमागून रॅक फिरतो. रंग, भाषा, धर्माची एखादी खूण यावरून वागणूक बदलते, तिथं चांगले बूट आणि नेमकं पहिलं वाक्य एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाही, आणि पडायला लागू पण नये. एप्रिल २०१८ मधे फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन काळे तरुण कोणाची तरी वाट बघत बसले होते, अजून काही मागवलं नव्हतं, तर स्टाफनं पोलिसांना बोलावलं आणि त्यांना बेड्या घालून नेलं. आरोप काहीच ठेवला नाही. नंतर २९ मे ला कंपनीनं अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं अर्धा दिवस बंद ठेवून ट्रेनिंग घेतलं. अर्ध्या दिवसात काय होतं असं माझ्यातली ट्रेनर विचारते, पण निदान ही एका मुलीची किंवा एका मॅनेजरची चूक नाही एवढं तरी त्यांनी मानलं.

अशा बाबतीत कायदाही आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात रेस्टॉरंट आणि हॉटेलं येतात, ब्रिटनमधे २०१० चा समानता कायदा दुकानं आणि सेवांना लागू आहे, भारताच्या राज्यघटनेत कलम १५(२) मधे दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहांचा सरळ उल्लेख आहे, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून आडवायचं नाही. चपला घालून आल्याबद्दल भाव दिला नाही यावर मात्र बहुतेक ठिकाणी कायदा काही करत नाही, आणि ड्रेस कोड ठेवायची मुभा मालकाला साधारणपणे असते. पण तो दारावर लिहिलेला हवा आणि सगळ्यांना सारखा हवा. एकाला हाफपँटमधे सोडलं आणि दुसऱ्याला आडवलं तर त्याला ड्रेस कोड म्हणत नाहीत.

तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी करा, आणि विशेषणं सगळी काढून टाका. "तुमचा स्टाफ अत्यंत उर्मट आहे" असल्या तक्रारीवर मॅनेजर "दिलगीर आहोत" चा छापील मेल पाठवतो आणि विसरतो. त्याऐवजी तारीख, वेळ, कुठला काउंटर, तुम्ही काय मागितलं, समोरून शब्दशः काय आलं, त्या वेळी बाजूच्याला कसं वागवलं, एवढं सहासात ओळींत लिहा. वेळ दिली की मॅनेजरला कॅमेऱ्याचं फुटेज काढता येतं, आणि ते काही दिवसांनी पुसलं जातं म्हणून उशीर नको. शेवटी तुम्हाला काय हवंय ते लिहा, माफी हवी का दुसऱ्या कोणी वस्तू दाखवायला हवी का नुसतं कळवायचंय. सेल्समनचा फोटो काढून सगळीकडे टाकू नका, त्याची नोकरी जाते आणि त्याला तसं वागायला लावणारं टार्गेट जागेवरच राहतं, पुढचा पोरगा परत तेच करतो.

दुकान चालवणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. आत आलेल्या प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच ठरवून द्या आणि किंमतीबद्दल गिऱ्हाईक विचारेपर्यंत बोलायचं नाही असा नियम करा. आणि न घेता गेलेल्यांची नोंद ठेवायला लावा, काय मागितलं होतं आणि का गेला, एवढंच. पहिल्या आठवड्यात स्टाफ कंटाळेल, कटकट करेल, "कोणी नाही आलं" लिहून मोकळा होईल. चालू ठेवा. पाळीची पद्धत असेल तर न घेतलेल्या गिऱ्हाइकानं पाळी जाणार नाही असं करून बघा, निम्मी निवडानिवड तिथंच थांबते.

आणि घरच्या वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर एक युक्ती सांगते, हे हमखास होतं की खरेदी त्यांची असते आणि सेल्समन बोलतो तुमच्याशी, "यांना कुठला रंग आवडेल?" उत्तर देऊ नका. दोन पावलं मागे सरका, फोन काढा आणि त्यात बघत बसा. त्याला बोलायला दुसरं कोणी उरत नाही. पैसे देतानाही कार्ड त्यांच्याच हातात द्या.